बारीचा श्रोता आणि त्याचे वय : महाड-पोलादपूर परिसरातील शक्ती-तुऱ्याच्या निमित्ताने

१

प्रयोगरूप कलांची चर्चा करताना कलावंताच्या वयाचा विचार सहजच केला जातो. गायकाचा आवाज कोणत्या वयात परिपक्व होतो, नटाने कोणत्या वयात कोणती भूमिका सोडून द्यावी, हे प्रश्न समीक्षेला अपरिचित नाहीत. श्रोत्याचे वय मात्र बहुधा विचारात घेतले जात नाही. श्रोता जणू एकाच वयाचा आणि एकाच जागी बसलेला असतो, असे गृहीत धरूनच विवेचन पुढे जाते. वस्तुतः काही कला अशा आहेत की ज्यांना मनुष्य बालपणापासून वार्धक्यापर्यंत वर्षानुवर्षे हजेरी लावीत असतो. अशी कला त्याला विसाव्या वर्षी, चाळिसाव्या वर्षी आणि साठीनंतर एकच वाटते काय? वाटत नसेल, तर बदलते ते काय : त्याची अभिरुची, त्याचे शरीर, की प्रयोगातील त्याची जागा?

या प्रश्नाचे एक जुने उत्तर भरताच्या नाट्यशास्त्रात आहे. सिद्धीचे विवेचन करणाऱ्या सत्ताविसाव्या अध्यायात भरताने प्रेक्षकांच्या आवडीनिवडी सांगितल्या आहेत. तरुणांना शृंगारात गोडी, शूरांना युद्धाच्या प्रसंगांत, विरक्तांना मोक्षाच्या विषयांत आणि वृद्धांना धर्मकथा व पुराणे यांत, अशी ती वाटणी आहे. ही वाटणी व्यवहाराला धरून आहे, यात संशय नाही. परंतु तिच्यात एकाच वेळी एकाच मंडपात बसलेली भिन्न माणसे दिसतात. काळाच्या ओघात बदलत जाणारा एक माणूस तिच्यात दिसत नाही. आधुनिक काळात थिओडोर आडोर्नो याने १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या संगीतविषयक समाजशास्त्रीय ग्रंथात श्रोत्यांचे जे प्रकार पाडले, तेही जाणतेपणाच्या व वृत्तीच्या पायावर. जाणता श्रोता जाणता कधी झाला, आणि तत्पूर्वी तो कोणत्या प्रकारात मोडत होता, हा प्रश्न त्या वर्गीकरणातून सुटतच नाही.

प्रस्तुत लेखात महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांत चालत आलेल्या शक्ती-तुऱ्याच्या बारीचे उदाहरण घेऊन या प्रश्नाकडे पाहावयाचे आहे.

२

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याचे आतले, सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके होत. महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून महाडास येते व पुढे बाणकोटच्या खाडीस मिळते. पोलादपूरपासून एक वाट आंबेनळी घाटाने महाबळेश्वरास चढते, तर दुसरी कशेडी घाटाने रत्नागिरी जिल्ह्यात उतरते. डोंगरउतारावर विखुरलेल्या वाड्या, पावसावरची भातशेती आणि मुंबईची चाकरी या तीन गोष्टींवर येथील जीवन पिढ्यान् पिढ्या उभे राहिले. गावचा तरुण मुंबईस जातो आणि गणपतीला व शिमग्याला परत येतो. बारीचा हंगामही या येण्याजाण्याशीच बांधलेला आहे.

बारी म्हणजे शक्तीवाले आणि तुरेवाले या दोन पक्षांचा गाण्यांतील सामना. देशावर ज्याला कलगी-तुरा म्हणतात, त्याचेच हे कोकणातील रूप होय. कलगीचा, म्हणजेच शक्तीचा, पक्ष शक्तीला श्रेष्ठ मानतो व तुऱ्याचा पक्ष शिवाला. ज्या नाचाच्या अंगाने हा सामना रंगतो त्याला जाखडी किंवा बाल्या नाच असे म्हणतात. मध्यभागी गाणारे बुवा आणि ढोलकी, झांज वाजविणारे साथीदार. त्यांच्या भोवती पायांत चाळ बांधलेल्या नाचणाऱ्यांचा फेर. आणि फेराच्या बाहेर वाडीतील बाकीची माणसे, असे त्याचे मूळचे स्वरूप आहे. प्रथम गण, मग गवळण, आणि त्यानंतर प्रश्नोत्तरे. एका पक्षाच्या बुवाने पुराणातील एखादा अडचणीचा प्रसंग काढून गाण्यातूनच प्रश्न टाकावयाचा आणि दुसऱ्याने त्याच रात्री गाण्यातूनच त्याचे उत्तर द्यावयाचे. उत्तर चुकले तर ते पक्षाला लागते, आणि पक्ष म्हटला की त्यामागे गुरुपरंपरा आली. म्हणून बारी ही नुसती करमणूक नव्हे. तिच्यात हारजीत आहे व ती हारजीत जोखणारे कोणी तरी असणे आवश्यक आहे.

३

वर वर्णन केलेल्या रचनेत तीन जागा आहेत : फेर, मध्य आणि कड. सामान्यतः माणसाचे वय वाढते तसतसा तो या जागांवरून सरकत जातो. सर्वच जण मध्यभागी पोहोचत नाहीत. गाणारे बुवा थोडेच होतात. परंतु बुवा न झालेला माणूसही ज्या वयात बुवांच्या शब्दांकडे वळतो, त्या वयात तो मनाने मध्याशी येऊन बसलेला असतो.

मराठी भाषेत या तीन जागांना अनुरूप अशा तीन रचना उपलब्ध आहेत. ‘बारीत नाचणे’ यात सप्तमी आहे. बोलणारा बारीच्या आत आहे. ‘बारी ऐकणे’ यात बारी हे कर्म आहे. ती ऐकणाऱ्यापासून वेगळी होऊन त्याच्यासमोर आलेली आहे. ‘बारीला बसणे’ यात चतुर्थी आहे. तेथे बारी हा प्रसंग आहे आणि आपण तेथे उपस्थित आहो, एवढेच सांगितले जाते. काय ऐकले, किती ऐकले, याचा उल्लेख त्या रचनेत नाही. कीर्तनाला बसणे, गाण्याला बसणे, पंगतीला बसणे ही याच घराण्यातील रूपे होत. अमुक वयाचा मनुष्य अमुकच रूप वापरतो असा नियम येथे सांगावयाचा नाही. तथापि एका अनुभवाची तीन अंगे भाषेने वेगळी ठेवलेली आहेत, आणि वयाच्या विचाराला ती उपयोगी पडतात, एवढे म्हणावयास हरकत नाही.

फेर धरणाऱ्या तरुणाला गाणे प्रथम कळते ते पायांनी. बुवांनी म्हटलेली ओळ तो झीलकऱ्यांबरोबर उचलतो, पुन्हा म्हणतो, पुन्हा म्हणतो. त्या ओळीतील पुराणकथा त्याला ठाऊक असेलच असे नाही. ठाऊक असण्याची गरजही नाही. पाऊल चुकू नये, फेर तुटू नये, हीच त्या वेळची मुख्य काळजी. येथे पाठांतर अर्थाच्या पुढे धावते. ही उणीव नव्हे. किंबहुना या परंपरेची शिकवण्याची रीतच ही आहे : शब्द आधी अंगात मुरवावयाचे, अर्थ सवडीने येईल. पुष्कळदा तो वीस वर्षांनी येतो, आणि आपण तरुणपणी काय म्हणत होतो हे माणसाला तेव्हा प्रथम ऐकू येते.

मध्यम वयात लक्ष शब्दांकडे जाते. प्रश्न काय टाकला, उत्तर कोणत्या कथेच्या आधाराने दिले, यमक साधले की ओढून आणले, हे आता दिसू लागते. मात्र याच वयात बारी ऐकण्याला सर्वांत अधिक अडथळेही येतात. वर्गणी गोळा करणे, बुवांशी बोलणी करणे, मंडप, दिवे, पाहुण्यांचे जेवण ही कामे चाळिशीच्या माणसाकडे असतात. ज्याने बारी ठरविली त्याच्या वाट्याला ती तुकड्यातुकड्यांनीच येते. मुंबईची रजा संपत आलेली असते, सकाळची गाडी गाठावयाची असते. श्रोत्याच्या आयुष्यातील हा काळ समीक्षेने सहसा नोंदलेला नाही. कारण या काळात श्रोता हजर असतो, परंतु ऐकत नसतो.

साठीनंतर माणूस कडेला येतो. रात्रभर बसणे त्याला झेपत नाही. गवळण चालू असता त्याचा डोळा लागतो आणि प्रश्न सुरू झाला की तो जागा होतो. बाहेरच्याला हे निरुत्साहाचे लक्षण वाटेल. परंतु कोठे झोपले तरी चालते आणि कोठे जागे राहिले पाहिजे हे ज्याला कळते, त्याला त्या प्रयोगाची रचना पूर्णपणे कळलेली आहे, असेच म्हटले पाहिजे. ‘तानसेन नाही तर कानसेन’ ही म्हण येथे अधिक नेमक्या अर्थाने लागू पडते. येथला कानसेन एके काळी फेरात होता. अभिनवगुप्ताने सहृदयाचे जे लक्षण सांगितले, की काव्याच्या सततच्या अभ्यासाने ज्याचा मनरूपी आरसा स्वच्छ झालेला आहे तो सहृदय, त्या लक्षणात काळ अंतर्भूत आहे. अभ्यास म्हणजे पुनरावृत्ती, आणि पुनरावृत्तीला वर्षे लागतात.

भरताने प्रेक्षकांबरोबर प्राश्निकांचाही, म्हणजे प्रयोगाचे गुणदोष ठरविणाऱ्यांचाही, विचार केला आहे. बारीच्या कडेला बसलेला वृद्ध हा या अर्थाने प्राश्निक होय. कड ही निवृत्तीची जागा नसून अधिकाराची जागा आहे, हे ध्यानात घेतल्याशिवाय बारीच्या श्रोत्याचा विचार पुरा होत नाही.

४

येथे एक अडचण उपस्थित होते. ज्या वयात माणूस जाणता होतो त्याच वयात त्याचे कान मंदावू लागतात. वार्धक्यातील बहिरेपण सर्व ध्वनींना सारखे ग्रासत नाही. उच्च कंप्रतेचे ध्वनी आधी जातात. स्वरांची मुख्य ऊर्जा खालच्या कंप्रतांत असते; स, श यांसारख्या घर्षकांची, तसेच त, क यांसारख्या अघोष स्फोटकांची ओळख पटविणारी ऊर्जा मुख्यत्वे वरच्या कंप्रतांत असते. परिणामी वृद्ध श्रोत्याला चाल ऐकू येते, ठेका ऐकू येतो, कोणी तरी गात आहे हे स्पष्ट कळते. मात्र कोणता शब्द गायिला गेला हे कळत नाही. गोंगाटात ही अडचण वाढते. जेथे सामन्याचा निकाल शब्दावर अवलंबून आहे, तेथे ही साधी गैरसोय राहात नाही.

जुन्या बारीने या अडचणीवर नकळत उपाय योजलेला होता, असे तिच्या रचनेवरून दिसते. बुवांनी म्हटलेली ओळ झीलकरी पुन्हा म्हणत. म्हणजे एकच शब्द श्रोत्यापर्यंत अनेक वेळा व अनेक कंठांतून पोहोचत असे. यमकामुळे पुढचा शब्द अंदाजाने ओळखता येत असे. कथा पुराणातील व म्हणून बहुधा परिचित. भाषाविज्ञानात ज्याला अतिरिक्तता म्हणतात, ती येथे विपुल होती. संदेशाचा काही अंश गळला तरी उरलेल्या अंशावरून तो भरून काढता यावा, अशी तिची योजना असते. ऐकू न आलेला शब्द वृद्ध श्रोता स्मरणाने पुरा करी, आणि तो स्मरणाने पुरा करता येई, कारण तो शब्द एके काळी त्याच्या अंगात मुरलेला होता. कान जे गमावतात ते स्मरण भरून देते. तरुणपणी फेर धरलेला असणे ही म्हातारपणी ऐकू येण्याची पूर्वतयारी ठरते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ध्वनिक्षेपकाने हा तोल बिघडविला. आवाज मोठा झाला, तरी तो शब्दाला अनुकूल अशा रीतीने मोठा झाला नाही. वाद्ये आणि एक कंठ पुढे आले, झील मागे पडली. मोठा आवाज म्हणजे स्पष्ट आवाज नव्हे, हे कडेला बसलेल्या माणसाइतके दुसऱ्या कोणालाच कळणार नाही.

५

या ठिकाणी एका अगदी निराळ्या प्रकाराशी तुलना केल्यास विषय अधिक स्पष्ट होईल. पाश्चात्त्य रॉक संगीताची मैफल मूलतः तरुणांची. उभे राहून ऐकणे, गर्दीत मिसळणे, कान बधिर होईपर्यंत थांबणे हे तिचे रीतिरिवाज. परंतु त्या संगीताचे पहिले श्रोते आता वृद्ध झाले आहेत. लंडनमध्ये १९६२ साली स्थापन झालेला ‘रोलिंग स्टोन्स’ हा संच २००३ साली बंगलोर व मुंबई येथे येऊन गेला. २०२४ साली त्याने उत्तर अमेरिकेत दौरा केला, तेव्हा त्याचा प्रमुख गायक मिक जॅगर ऐंशी वर्षांचा होता, आणि त्या दौऱ्याची पुरस्कर्ती होती पन्नाशीपुढील नागरिकांसाठी काम करणारी एक मोठी अमेरिकन संस्था. मुंबईत १९८६ साली सुरू झालेला ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव काही वर्षांच्या खंडानंतर २०२२ साली पुन्हा भरविण्यात आला, तेव्हा त्यालाही जुन्या श्रोत्यांच्या स्मरणाचा आधार होता.

रॉकमध्ये कलावंत आणि श्रोता एकत्र म्हातारे होतात. श्रोत्याला गाणे हवे असते ते त्याच्या तरुणपणी होते तसेच, आणि म्हणून गायकालाही आपल्या तिशीतील गाणे ऐंशीव्या वर्षी म्हणावे लागते. वय वाढले की श्रोता मंचासमोरील मैदान सोडून मागच्या खुर्चीकडे जातो, आणि ती खुर्ची तिकिटाने विकत घेतो. तिच्याबरोबर त्याला आराम मिळतो. अधिकार मिळत नाही. बारीत याच्या उलट घडते. फेर सदैव तरुण असतो. दर काही वर्षांनी त्यातील माणसे बदलतात. श्रोता म्हातारा होतो, प्रयोग होत नाही. म्हणून बारीतील वृद्धाला आपले तारुण्य मंचावर जसेच्या तसे सापडत नाही. त्याला आपल्या जागी दुसरा कोणी नाचताना दिसतो. हे अधिक कठीण आहे, आणि कदाचित अधिक निरोगीही.

‘पूर्वीची बारी आता राहिली नाही’ ही वृद्धांची तक्रार या प्रकाशात तपासली पाहिजे. तिचा काही अंश निव्वळ शरीराची आठवण असतो. गेलेले असतात आपले पाय आणि दोष लावला जातो बुवांना. परंतु सगळी तक्रार अशी नसते. दोहोंतील भेद ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. तक्रार करणारा जर नेमका दोष दाखवीत असेल, कथा चुकीची सांगितली, उत्तर प्रश्नाला सोडून गेले, चाल चित्रपटातून उचलली, तर ती समीक्षा होय. तो जर केवळ काळाचेच नाव घेत असेल, तर ती स्मृती होय. दोन्हींना आपापले मोल आहे. मात्र एकीला दुसरीचे नाव देता कामा नये.

६

वरील विवेचनावर दोन आक्षेप संभवतात आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला असा की फेर, मध्य आणि कड हा प्रवास प्रामुख्याने पुरुषाचा आहे. जाखडीचा फेर परंपरेने पुरुषांचा. बाईने बारी पाहिली ती बाजूला बसून, कडेवर मूल घेऊन, उद्याच्या कामाची आठवण ठेवून. तिच्या वाट्याला फेर आला नाही. त्यामुळे म्हातारपणी येणारी कडही तिच्या बाबतीत अधिकाराची झाली नाही. आता स्त्रियांचे फेरही उभे राहू लागले आहेत. त्यांतील तरुणी जेव्हा साठीला पोहोचतील, तेव्हा बारीला प्रथमच दोन्ही प्रकारचे प्राश्निक लाभतील. स्त्रियांच्या फेराकडे केवळ नावीन्य म्हणून पाहणाऱ्यांनी त्याचा हा दूरचा परिणाम ध्यानात घ्यावयास हवा.

दुसरा आक्षेप असा की याच महाडात गाण्याची एक निराळी हजेरीही आहे, आणि तिला हा नियम लागू पडत नाही. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी घेण्यात आले. दर वर्षी २० मार्चला लोक तेथे जमतात आणि भीमगीते गायिली जातात. आंबेडकरी जलशांपासून चालत आलेल्या या गाण्याला येणारा वृद्ध शब्द जोखावयास आलेला नसतो. तो साक्ष द्यावयास आलेला असतो. तेथे वयाबरोबर जागा बदलत नाही, कारण तेथे कड नाहीच. उपस्थिती हेच सर्वांचे समान काम आहे. ‘तळ्यावर जाणे’ या प्रयोगात ऐकणे, पाहणे, बसणे यांपैकी एकही क्रियापद नाही, हे सूचक आहे. तेव्हा वयाने जागा बदलणे हा सर्व प्रयोगांचा धर्म नव्हे. ज्या प्रयोगात हारजीत आहे आणि जाणत्याची गरज आहे, त्याचाच तो धर्म होय.

७

आजच्या परिस्थितीत धोका आहे तो नेमका या कडेला. मुंबईत शक्ती-तुऱ्याचे सामने नाट्यगृहांतून तिकीट लावून होऊ लागले. १९२२ सालचे परळचे दामोदर नाट्यगृह हे त्यांचे एक प्रमुख स्थान होते, ते २०२३ साली पुनर्बांधणीसाठी बंद झाले. मंचावर गेल्याबरोबर फेराला एक बाजू उघडी ठेवावी लागते आणि श्रोते एकाच दिशेला, अंधारात बसतात. वर्तुळाची कड नाहीशी होऊन तेथे खुर्च्यांच्या रांगा येतात. रांगेतला वृद्ध आणि रांगेतला तरुण यांत भेद उरत नाही. दुसरीकडे, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावरील ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावे लागतात. सणासुदीला मध्यरात्रीपर्यंतची सवलत वर्षातून पंधरा दिवसांपलीकडे नाही. नियमाचा हेतू योग्य आहे आणि वृद्धांच्या झोपेला तो उपकारकच आहे. परंतु ध्वनिक्षेपकावर विसंबलेल्या बारीला रात्र आखडते घ्यावी लागते, आणि तसे करताना जे प्रथम कापले जाण्याचा संभव आहे, ते सावकाश चालणारे प्रश्नोत्तर होय. भ्रमणध्वनीवर पाहिल्या जाणाऱ्या चित्रफितीतही बहुधा तेच गळते. चटकदार टोमणा तेवढा उरतो.

याचा परिणाम असा की बारी हळूहळू एकाच वयाची होत जाते. तरुणांची संख्या घटलेली नसेल, टाळ्याही कमी झालेल्या नसतील. परंतु उत्तर चुकले असता ‘चुकले’ असे म्हणणारा कोणी कडेला बसलेला नसेल, तर बुवाने ते अचूक देण्याचे कारणही उरणार नाही. कला टिकते ती गाणाऱ्यांच्या संख्येवर असे आपण समजतो. सामन्याच्या कलेच्या बाबतीत ती तितकीच टिकते ऐकणाऱ्यांच्या वयांच्या विविधतेवर.

लोकवाङ्मयाच्या अभ्यासकांनी यातून एक व्यावहारिक बोध घेण्याजोगा आहे. बारीचे ध्वनिमुद्रण करताना ध्वनिग्राहक बुवांसमोर ठेवण्यात येतो, आणि ते स्वाभाविकही आहे. यापुढे एक ध्वनिग्राहक कडेलाही ठेवावा. कोणत्या ओळीला कोण जागे झाले, कोणत्या उत्तरावर कोणी मान हलविली, कोणत्या वयाच्या माणसाने नेमका कोणता दोष काढला, याची नोंद गीताच्या संहितेइतक्याच काळजीने केली पाहिजे. संहिता दुसऱ्या बुवांकडूनही मिळू शकते. कडेला बसलेल्या माणसाचे मत मात्र त्याच्याबरोबरच जाते.